पोटात घातलेलं

सिग्नल हिरवा झाला, पण बस हलली नाही. मागे हॉर्नचा गलका सुरू झाला. पहिल्या सीटवरची म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "बाई, हिरवा झाला." तेव्हा कुठे ड्रायव्हरबाईने डोळे उघडले. भर दुपारी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, आणि बाई बसल्या जागी झोपली होती.

कुणाला काही झालं नाही. गाडीला साधा ओरखडाही उठला नाही. तिने उरलेली फेरी नीट पूर्ण केली, बस डेपोत लावली आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"मला आज गाडीवर झोप लागली," ती म्हणाली. "उद्यापासून मला गाडी देऊ नका. काय झालंय ते आधी बघू दे."

साहेबांनी डोक्याला हात लावला, कारण अशी ड्रायव्हर त्यांच्याकडे दुसरी नव्हती. जोडडब्यांची ती लांबलचक बस ती अशी वळवायची, की कोपऱ्यावरचा फळवाला आपली टोपलीसुद्धा मागे घ्यायचा नाही. पण साहेबांनाही तिचं पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना बस कुठून सुटते ते सांगू लागली.

घरी तिला वहिनी म्हणत. हाक मूळ नणंदेची. ती आधी शेजाऱ्यांनी उचलली, मग सगळ्या गल्लीने. नणंद म्हणजे ताई. घराच्या पुढच्या खोलीत ताईंचं शिवणकामाचं दुकान होतं. खिडकीला लागून मशीन, भिंतीला लांब टेबल, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की ताई गप्प असत, म्हणून गिऱ्हाइकं मापं द्यायला आली की जरा वेळ लावूनच देत, असं गल्लीत म्हटलं जाई. ताईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण हातात कसब होतं. खांदा उतरता असलेल्या माणसाचा कोटही त्यांच्या हातून असा निघे, की माणूस आरशासमोर ताठ उभा राही.

दोघीही अंगाने चांगल्याच दांडग्या. आणि दोघींच्या मधे वहिनीचा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, काडीसारखा. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जेवायला बसला की दोघींचं मिळून होणार नाही एवढं एकटा जेवायचा, वर उठताना बरणीतली दोन बिस्किटं तोंडात टाकायचा, आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं नाही. गल्लीतली माणसं मात्र बिस्किटाची बरणी दिसली की बघायची त्या दोघींकडे.

त्याहून वाईट म्हणजे त्या दोघीही एकमेकींकडे तशाच बघायच्या. आपण कमी खातो हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक होतं. दुसरी कमी खाते यावर मात्र काडीचा विश्वास नव्हता. भाजी उरली नाही की ताई पातेल्यात डोकावून म्हणत, "आपोआप संपली वाटतं." वहिनी उत्तर देत नसे. ती ड्रायव्हर होती, दिवसभर हॉर्न ऐकायची सवय होती.

तपासण्या झाल्या. झोपेत तिचा श्वास पुन्हा पुन्हा अडत होता, त्यामुळे झोप पुरी होत नव्हती. रक्तातली साखर वाढलेली होती. गुडघ्यांचं तर विचारायलाच नको. सर्जन म्हणजे एक बुटके, गोल चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी कागदाच्या पाठीवर एक जठर काढलं आणि त्यावर रेघ मारली.

"जठराचा वरचा एवढासा भाग वेगळा करायचा," ते म्हणाले, "आणि आतडं पुढून उचलून थेट त्याला जोडायचं. अन्न मधला रस्ता गाळून पुढे जाईल. वळणरस्ता काढल्यासारखं."

"रस्ता बंद असला की आम्हीही तसंच करतो," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "आणखी कमी खाल्लं तर नाही का जमणार?"

"किती वर्षं कमी खाताय?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मग उत्तर तुम्हीच दिलंत. बाई, हा आळस नाही आणि हावरटपणाही नाही. शरीर एकदा वाढलं की ते वजन धरून बसतं. तुम्ही उपाशी राहिलात की ते आणखी घट्ट धरतं. ऑपरेशनने भूक बदलते, साखर बदलते, आतड्यातले जंतूसुद्धा बदलतात. का बदलतात आणि त्यांचा हात नेमका किती, ते आम्ही अजून शोधतोय."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती खुर्चीत जरा सैलावून बसली. खुर्ची रुंद होती, हातांशिवायची. तेही तिच्या लक्षात आलं.

त्या दिवशी जेवताना तिने घरात सांगून टाकलं. नवऱ्याने घास हातातच धरला आणि विचारलं, "दुखेल का गं?" ताईंनी मात्र ताट पुढे सारलं.

"देवाने दिलेलं धड पोट कापून घ्यायचं," ताई म्हणाल्या. "उद्या डोकं दुखलं तर तेही कापशील. तोंडाला शिवण घालायची तर मी फुकट घातली असती."

"ताई, मला गाडी चालवायची आहे," वहिनी म्हणाली. "खिडकीत बसून बसून मी वेडी होईन. बाकी तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

ऑपरेशनच्या आधी रुग्णालयातली एक तरुण संशोधक घरी आली. आतड्यातल्या जंतूंचा अभ्यास हे तिचं काम. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर शौचाचे नमुने घ्यायचे, त्यातले जंतू ओळखायचे, कोणते वाढले, कोणते घटले ते बघायचं. एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसांचे जंतू बरेचसे सारखे असतात, म्हणून तिला घरातल्या सगळ्यांचेच नमुने हवे होते. तिने तीन डब्या टेबलावर ठेवल्या, अगदी ताईंच्या कापडाशेजारी.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

तिने सांगितलं. ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून उत्तर यायला वेळ लागला.

"शिकून सवरून हेच गोळा करतेस?" त्यांनी टाचण्या एकेक काढत विचारलं. "आईवडिलांना माहीत आहे?"

"माहीत आहे," संशोधक हसून म्हणाली. "आई जेवताना विषय काढू देत नाही."

वहिनीने डबी दिली. नवऱ्यानेही दिली, आणि वर आपला नमुना चांगला निघाला का म्हणून दोनदा विचारून आला. ताईंची डबी रिकामीच परत गेली. संशोधकाचं नाव मात्र त्यांनी त्या दिवसापासून जंतूबाई ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं. पुढचे दिवस सोपे नव्हते. आधी नुसतं पाणी, मग सूप, मग वाटीच्या तळाशी मावेल एवढं मऊ काही. एकदा तिने घाईने गोड घोट घेतला, तर घाम फुटला, छाती धडधडली आणि अर्धा तास पडून राहावं लागलं. केसही गळले. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आता जन्माच्या मागे लागल्या. पण साखर वजन उतरायच्या आधीच खाली आली, आणि हे बघून सर्जनसाहेबांपेक्षा वहिनीलाच जास्त नवल वाटलं. नवरा सकाळी म्हणाला, "रात्री तुझा आवाजच नाही आला. मी दोनदा उठून बघितलं, आहेस की नाही." ती घोरायची थांबली होती.

मग वजन उतरू लागलं, आणि कपडे ताईंकडे येऊ लागले.

डेपोचा गणवेश आत घ्यायचा, म्हणजे बाजूची शिवण उसवायची, नवी रेघ मारायची, पुन्हा शिवायची. पहिल्यांदा ताईंनी मुकाट्याने केलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सूज उतरली असेल." तिसऱ्यांदा काहीच म्हणाल्या नाहीत. ज्या बाईचं ऑपरेशन त्यांना पटलं नव्हतं, तिचं उतरलेलं वजन त्यांच्याच कात्रीखाली पट्ट्यापट्ट्यांनी कापलं जात होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी खोटं म्हटलं असतं. स्वतःच्या टेपला खोटं कसं म्हणणार?

एकदा वहिनीने आपला जाड हिवाळी कोट आणून टाकला. "हा काही आत घेण्यासारखा राहिला नाही," ती म्हणाली. "उसवून कापड काढा, कुणाला तरी उपयोगी पडेल."

ती कामावर गेल्यावर ताईंनी उसवायला कात्री घेतली. मग का कोण जाणे, दाराची कडी लावली आणि कोट अंगात घातला. खांदे, बाह्या, पोट, सगळं बरोब्बर बसलं. जसा त्यांच्यासाठीच बेतलेला. आरशासमोर त्या किती वेळ उभ्या होत्या ते त्यांनाही कळलं नाही. आयुष्यभर त्यांनी जगाची मापं घेतली होती, पण स्वतःचे कपडे अंदाजानेच शिवत आल्या होत्या, दर वेळी थोडा जास्त वाव ठेवून. त्या दिवशी त्यांनी स्वतःभोवती टेप गुंडाळला. टेप पुरला नाही.

वहिनीला गाडी परत मिळाली. परीक्षकाने तिला शहरभर फिरवलं, चढावर थांबवलं, अरुंद पुलाखालून मागे घ्यायला लावलं, आणि शेवटी म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं सुचत नाही." पहिल्या दिवशी सकाळी बस निघाली तेव्हा पहिल्या सीटवर ताई बसलेल्या होत्या.

"कुठे जायचंय, ताई?" वहिनीने आरशातून विचारलं.

"कुठे नाही. तू चालव."

त्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि त्याच बसने परत आल्या. उतरताना म्हणाल्या, "ती जंतूबाई अजून असते का तिथे?"

जंतूबाई तिथेच होती, आणि आता तिच्याकडे नवं काम होतं. तिने ते ताईंना नीट समजावून सांगितलं. वहिनीही बाजूला होती.

"ऑपरेशननंतर आतड्यातली जंतूंची वस्ती पुष्कळ बदलते," ती म्हणाली. "काही जाती वाढतात, काही मागे पडतात. ऑपरेशन झालेल्यांचे जंतू उंदरांना दिले, तर त्या उंदरांच्या अंगावर चरबी कमी धरते, असं दिसलंय. पण उंदीर म्हणजे माणूस नाही."

"माझ्या ओळखीत तसे थोडे आहेत," ताई म्हणाल्या. "पुढे बोल."

"म्हणून आता माणसांवर बघायचंय. ऑपरेशन होऊन बरेच महिने झालेल्या, तब्येत चांगली असलेल्या माणसांकडून नमुना घ्यायचा, सगळ्या तपासण्या करायच्या, आणि त्यातले जंतू कॅप्सूलमध्ये भरून ऑपरेशन न झालेल्या माणसाला द्यायचे. वास येत नाही, चव येत नाही."

"आणि सुरी लागत नाही."

"सुरी लागत नाही. पण वजन उतरेलच असं मी सांगणार नाही. शिवाय काही जणांना दुसऱ्याचे जंतू मिळतील आणि काहींना त्यांचे स्वतःचेच परत मिळतील. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. नाहीतर आपण आपल्या मनाचंच मोजत बसतो."

ताईंनी विचार केला. मग भावजयीकडे बोट करून म्हणाल्या, "मला दुसऱ्याचं द्यायचं असेल तर हिचंच द्या. परक्याचं नको."

जंतूबाई म्हणाली, की एकाच घरातली माणसं असली तर तसं करता येतं, वहिनीची हरकत नसेल तर. वहिनीने आपली खुर्ची ताईंकडे वळवली. ज्या बाईने तिच्या पेल्यातलं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं, ती बाई हे मागत होती.

"ताई, तुम्हाला नक्की चालेल?"

"वहिनी," ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं तू माझं सगळं पोटात घातलंस. आता मी तुझं घालते."

जंतूबाईला आधी खोकला आला, मग हसू. वहिनीला मात्र हसू आलं नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं आणि नाक पुसलं.

ताईंनी या वेळी आपली डबी भरून दिली. रक्तही तपासलं, तर त्यांचीही साखर वाढलेलीच निघाली. कॅप्सूल घ्यायच्या दिवशी वहिनी बरोबर गेली. बशीत थंडगार कॅप्सूल मांडलेल्या, शेजारी पाण्याचा जग. ताईंनी एकेक उचलून गिळली, मधेच थांबून म्हणाल्या, "गाडी चालवायला लागले तर सांभाळून घ्या," आणि उरलेल्या संपवल्या.

त्यानंतर घरात जो बदल झाला तो कुठल्या यंत्राने मोजता आला नसता. ताई वहिनीशी सलोख्याने बोलू लागल्या. सकाळी म्हणत, "आज तुझ्या जंतूंना अंडं हवंय." संध्याकाळी म्हणत, "तुझ्या जंतूंना चालायची सवय आहे वाटतं, पाय घरात ठरत नाहीत." मग दोघी नदीच्या बाजूच्या रस्त्याने चालून येत. वहिनीचं जेवण थोडं असायचं आणि ती सावकाश जेवायची. ताईही तसंच करू लागल्या. एकदा नवऱ्याने बरणीतलं बिस्कीट घेतलं, तर दोघी एकदम त्याच्याकडे बघायला लागल्या, आणि त्या बिचाऱ्याने ते परत ठेवलं.

एकदा चालता चालता वहिनीने विचारलं, "ताई, तुम्हाला ऑपरेशनचा एवढा राग का होता?"

ताई म्हणाल्या, "राग नव्हता. आमची आई पित्ताशयाच्या खड्यांसाठी आत गेली. साधं ऑपरेशन, म्हणाले. जाताना मला म्हणाली, दूध तापवून ठेव, उतू जाऊ देऊ नकोस. ती परत आली नाही. तुझा नवरा तेव्हा एवढासा होता, त्याला काही आठवत नाही. तू आत गेलीस त्या दिवशी मी दिवसभर मशीनवर बसले होते. एक टाका सरळ पडला नाही. सगळं उसवावं लागलं."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर हसत होता."

"हसतच होते. नाहीतर काय करणार होते?"

महिने गेले. ताईंची साखर सुरुवातीला जराशी खाली आली, वजनही थोडं उतरलं. मग दोन्ही अडून बसले. पुढे वजन हळूच पूर्वीच्या जागी येऊ लागलं. ताई म्हणत, "तुझे जंतू माझ्या घरात आळशी झाले." पण रात्रीचं घोरणं वाढलं होतं, आणि जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचा नसलेला डाग बघत.

अभ्यास संपला तेव्हा जंतूबाईने त्यांना बोलावलं. संगणकाकडे बघून तिने जरा संकोचाने सांगितलं, "ताई, तुम्हाला तुमचेच मिळाले होते."

"माझेच काय?"

"तुमचेच जंतू. वहिनींचे दुसऱ्या कुणाला गेले नाहीत, ते तसेच राहिले."

वहिनीला भीती वाटली, की आता गेल्या महिन्यांचा सगळा गोडवा आटणार. ताईंनी पर्स उघडली, बंद केली, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे अंडं मलाच हवं होतं."

"हो," जंतूबाई म्हणाली.

"आणि चालायलाही मलाच आवडत होतं."

"तसंच म्हणावं लागेल."

ताई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीही हसू लागली. बाहेरच्या बाकावरची माणसं दाराकडे बघू लागली.

हसू ओसरल्यावर ताईंनी विचारलं, "आणि ज्यांना दुसऱ्याचे मिळाले, त्यांचं काय झालं?"

"काहींची साखर थोडे दिवस सुधारली. वजनात फारसा फरक नाही. मला वाटतं, ऑपरेशनमध्ये आतड्याची घडणच बदलते, आणि नव्या घडणीत नव्या जंतूंना राहायला सोय होते. तेच जंतू जुन्या घरात नेऊन सोडले तर टिकत नाहीत. हा माझा अंदाज. अजून पुष्कळ बघायचंय. तुमच्यामुळे एवढं तरी कळलं."

"काही उपयोग झाला ना माझा?"

"खूप."

"मग बरं," ताई म्हणाल्या. त्या उठल्या, पण जिन्याकडे वळल्या नाहीत. उलट्या बाजूला, सर्जनसाहेबांच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. वहिनी मागोमाग गेली.

"ताई, आजच ठरवायची घाई नको."

"घाई कसली? तुझ्या कपड्यांच्या शिवणी आत घेत होते तेव्हापासून ठरवतेय. मधे हा सोपा रस्ता दिसला म्हणून आधी तिकडून जाऊन बघितलं. नसता बघितला तर मन लागून राहिलं असतं." त्यांनी दारावर टकटक केली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू बाहेर थांबशील ना? संपेपर्यंत?"

"मी कुठेही जात नाही."

सर्जनसाहेबांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं, आईचंही. हसण्यावारी नेलं नाही. तेव्हा काय होत होतं, आता काय होतं, धोका कशात आहे, तो कमी करायला काय करतात, सगळं उलगडून सांगितलं. ताईंनी मोठ्या गिऱ्हाइकासारखे प्रश्न विचारले: टाके कुठले वापरता, धागा विरघळतो की काढावा लागतो, एखादा निसटला तर काय? शेवटी म्हणाल्या, "शिवण दुहेरी घाला. एकेरी उसवते."

"आम्ही तिला गळती नाही ना, हे टेबलावरच तपासून बघतो," सर्जनसाहेब म्हणाले.

"मग चालेल."

ऑपरेशनच्या दिवशी वहिनीने सुट्टी घेतली होती. नवरा बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. त्याने चष्म्याची काच इतक्या वेळा पुसली, की वहिनीने शेवटी चष्मा काढून आपल्याकडे ठेवला. दुपार उलटून गेल्यावर सर्जनसाहेब टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, "छान झालं. बोलतायत. कुणी दूध वगैरे तापत ठेवलंय का, असं विचारतायत."

भावाला ते कळलं नाही. वहिनी भिंतीला टेकली आणि तिने त्याचा चष्मा त्याच्या हातात परत दिला.

ताईंना वहिनीपेक्षा जास्त त्रास झाला. उलट्या लांबल्या, अशक्तपणा आला, एकदा पुन्हा भरती व्हावं लागलं. पण साखर उतरली आणि उतरलेलीच राहिली. वजन सावकाश, पण धरल्या वाटेने खाली येत राहिलं. जंतूबाई डबी घेऊन यायची तेव्हा ताई आता तिला आधी जेवायला वाढत, मग डबी देत. वहिनीसारखेच जंतू त्यांच्याही पोटात वाढू लागले होते, या वेळी आपले आपणच.

चालण्याच्या वेळी रुग्णालयाच्या बागेत त्यांना ऑपरेशन झालेल्या, होणार असलेल्या बायका भेटू लागल्या. प्रत्येकीचं एकच रडगाणं: कपडे. दर महिन्याला नवे घ्यायचे कुठून, आणि जुने पोत्यासारखे लोंबतात. ताईंच्या डोक्यात कात्री चालू लागली. त्यांनी एक शर्ट बेतला. बाजूच्या शिवणीत आत दुमडलेला वाव, लपवलेल्या बटणांच्या दोन ओळी, पाठीला सरकती पट्टी. माणूस बारीक होत जाईल तसा आत घेता येणारा, आणि कुठल्याही मापाला मापाचाच दिसणारा. मग तशीच पँट केली, मग कोट. वहिनीने डेपोतल्या दोघींना सांगितलं, त्यांनी आणखी चौघींना. पुढच्या खोलीत दुसरं मशीन आलं, आणि ते चालवायला एक मदतनीस बाईही.

परवाचीच गोष्ट. एक बाई दुकानाच्या दारात उभी राहिली. दार पुरेसं रुंद होतं, तरी ती सवयीने अंग चोरून आत आली. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन होतं. खुर्चीकडे बघून ती उभीच राहिली.

"बसा," ताई म्हणाल्या. "मी तुमच्यापेक्षा जड होते तेव्हाही ती मोडली नाही."

बाई बसली. म्हणाली, तिला रात्ररात्र झोप येत नाही, नको ते विचार येतात, घरातले म्हणतात तोंड आवरलं असतं तर ही वेळ आली नसती. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. तेवढ्यात कामावरून परतलेली वहिनी गणवेशातच आत आली, आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवायला गेली.

ताईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"तोंड आवरायचं ते त्या लोकांनी," त्या म्हणाल्या. "मी तर जाम घाबरले होते. कॅप्सूल गिळल्या, नाही नाही ते केलं, आणि शेवटी गेले. तुम्हीही घाबरा, त्याला काही हरकत नाही. फक्त मापं आज देऊन जा."

बाईने डोळे पुसले. उठून उभी राहिली आणि दोन्ही हात बाजूला पसरले.